पखाल

आमच्या बहारीनमध्ये समुद्राखालच्या झऱ्याला कौकब म्हणतात.
म्हणजे तारा.
आजोबा मर्हून मोत्यांच्या गलबतावर होते तेव्हा
बकऱ्याच्या कातड्याची पखाल काखेत धरून
श्वास कोंडून खाली जायचे,
खाऱ्याच्या पोटातून गोडं भरून आणायचे.
पखालीचं तोंड अंगठ्याने दाबलेलं.
अंगठा सुटला तर अख्ख्या गलबताच्या शिव्या.

तारे विझले ते माझ्या जन्माआधी.
जमिनीवर बागांना, वस्त्यांना इतके पंप लागले
की खालून येणारा श्वासच संपला.
आता पाणी मी करते.

खरं तर करत नाही, मोजते.
सकाळची पाळी, सहा ते दोन.
पाच बादल्या समुद्र आत घेतला
की दोन बादल्या गोडं निघतं.
उरलेल्या तिनांत पाचांचं मीठ,
वर पडदे धुतल्याची औषधं.
ते पाणी जड असतं. लाटेत चटकन मिसळत नाही,
नळाच्या तोंडातून तळाशी उतरतं,
समुद्रगवताच्या मुळांवर
ओल्या गोधडीसारखं पडून राहतं.

आणि त्या दोन बादल्या?
त्याही शेवटी इकडेच येतात.
भांडी घासून, वजू करून, गाड्या धुऊन,
खाडीच्या दुसऱ्या टोकाच्या नळातून.
उन्हाळ्यात तिथे हिरवी साय धरते.
समुद्राचं आम्ही काही बुडवत नाही,
सगळं परत करतो,
मीठ एकीकडे, मळ दुसरीकडे.

दोन नळांच्या मधे बाबांचा हदरा.
पूर्वी खजुराच्या झावळ्यांचा, आता तारेच्या जाळीचा.
भरतीला मासा आत येतो, ओहोटीला वाट चुकतो,
इतकीच विद्या.
साफी गवत खातो. गवत नाही तर साफी नाही.
बाबांना हे कुठल्याही अहवालाशिवाय ठाऊक.

माझ्या अहवालात मात्र
‘इतर निरीक्षणे’ असा दोन बोटं रुंद रकाना असतो.
एकदा त्यात लिहिलं, साफी आले नाहीत.
वरून विचारणा आली:
हे कुठल्या एककात?

घरी बाबा नळाचं पाणी पितात तेव्हा
पेल्यात मिठाचे दोन कण टाकतात.
मी ओरडते, रक्तदाब!
ते म्हणतात, बतूल,
तुझ्या पाण्याला गावच नाही.

आमच्याकडे मैत्रीला भाकरी आणि मीठ म्हणतात.
ज्याचं खाल्लं त्याच्या मिठाला जागायचं.
मी कुणाच्या जागू?
पगार कारखान्याचा,
मीठ समुद्राचं.

गेल्या गुरुवारी नमुन्याच्या बोटीत बाबांना घेतलं.
नियमात बसत नाही.
त्यांनी मशिदीचा मिनार आणि पाण्याची जुनी टाकी
एका रेषेत आणली,
डोळा बारीक केला, आणखी थोडं पुढे, म्हणाले. मग, इथे.
त्यांच्या बापाने दाखवलेली जागा.

मी मीटर खाली सोडला.
शेहेचाळीस.
शेहेचाळीस.
एकदा एकेचाळीस, शिंकेला लागेल तेवढाच वेळ.
पुन्हा शेहेचाळीस.

मीटर जुना आहे. केबल दोनदा जोडलेली.
लाट हलली असेल.
बाबांनी आकडा विचारला नाही,
मीही वाचून दाखवला नाही.
ते हात पाण्यात सोडून बसले होते,
बराच वेळ,
नाडी बघावी तसे.

मग मी बाटली तळाशी नेऊन भरून घेतली.
झाकण कुठे घरंगळलं कोण जाणे,
दोरखंडाखाली, इंजिनामागे, सापडेना.
तेव्हा बाटलीचं तोंड
अंगठ्याने दाबून धरलं,
किनारा येईपर्यंत.